वस्तादांच्या तळहातावरचं लिंबू

माझं चष्म्याचं दुकान कऱ्हाडजवळच्या मलकापुरात आहे, हायवेला लागून. लोकांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. डोळे तपासायला आलेला माणूस खरं बोलायला आलेला नसतो, पास व्हायला आलेला असतो, एवढं या धंद्यात मला कळलं. ट्रकचे ड्रायव्हर अंदाजानं ठोकून देतात. भरतीला निघालेली पोरं श्वास रोखून वाचतात, जणू अक्षरांमागं धावायचंच आहे. एका आजींना खालची ओळ दिसेना, तेव्हा त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. "एवढं बारीक ल्ह्यायचं कशाला म्हंते मी?"

पण या सगळ्यांवर ताण केली ती आमच्या वस्तादांनी.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे गुरू. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाठ अजून लाठीसारखी. तालीम माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. पत्र्याची एक शेड आणि पुढं मुरूम धुमसून केलेलं अंगण. तिथं लाठी, भाला आणि दांडपट्टा शिकवतात. पट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं जमिनीवर टेकवलं तर छातीला लागेल एवढं लांब, लवलवतं, दुधारी पातं. मनगट वळवायची सोयच नाही, सगळा हात खांद्यातून फिरवावा लागतो. चांगल्या माणसाच्या हातात ते पातं गाणं म्हणतं. माझ्या हातात ते खोकतं. विसाव्या वर्षी मी तालमीत गेलो, आज बावन्नचा आहे, आणि या सगळ्या काळात माझी खरी कामगिरी माइकवर. गणपतीत, शिवजयंतीला, यात्रेत आमचा खेळ असला, की "आता मंडळी, श्वास रोखा!" हे म्हणायचं काम माझं. मंडळी रोखायची. मी सांगितलं म्हणून.

वस्ताद रोज संध्याकाळी माझ्या दुकानातल्या बाकावर टेकायचे. एके दिवशी मीच म्हटलं, "वस्ताद, आज डोळे बघू तुमचे. बसा खुर्चीत."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरली हाय?"

"बसा तर."

बसले. डाव्या तळहातानं डावा डोळा झाकला आणि कवायतीच्या ठेक्यात सुरू केलं, "क, र, प, न, ट. खालची, म, ब, य, स, ल. त्याच्या खालची सांगू का?"

उच्चार खणखणीत, एक अक्षर चुकलं नाही. अडचण एवढीच होती, की भिंतीवर अक्षरं नव्हती. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून आदल्याच दिवशी मी नवा लावला होता, आणि त्यावर आकडे होते.

"वस्ताद," मी हळूच म्हटलं, "आकडं हायती."

त्यांनी डोळ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "कवा बदाललास?"

"काल."

"मग सांगायचं न्हाई व्हय रं?"

बाकावर बसून, येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून त्यांनी अख्खा तक्ता पाठ केला होता. कधी ना कधी मी तपासणार हे त्यांना ठाऊक होतं. तयारीत राहायची फौजेतली सवय.

त्यांना घेऊन कऱ्हाडला डॉक्टरांकडं गेलो. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध गेलेला. कडेकडेचं दिसत होतं, मधलं नाही. म्हणजे समोर उभ्या माणसाचे कान दिसायचे आणि तोंड दिसायचं नाही. परत येताना गाडीत म्हणाले, "चार महिनं झालं, पोरांच्या लाठ्या आवाजावर वळखतोय. कोन चुकला ते कळतंय. पर पट्ट्याला आवाज उशिरा येतोय गड्या." मग पुढं म्हणाले, "उद्यापास्नं तालमीत तू हुबा ऱ्हा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मी? वस्ताद, मी माइकवाला."

"मग लांबवर ऐकू जाईल."

मला वाटलं चेष्टा आहे. माझ्याहून सरस खेळणारे पाच-सहा गुरुबंधू होते. कुणी पुण्याला, कुणी सीमेवर, कुणाचे गुडघे गेलेले, हे खरं. पण म्हणून थेट मी? दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो, तर वस्ताद खुर्ची टाकून बसलेले आणि वीस जण रांगेत उभे. भरतीची पोरं, शाळेतल्या मुली आणि कडेला एक शिलाईवाल्या ताई. या ताई चाळिशीच्या. बाजारपेठेत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान. तीन वर्षांपूर्वी मुलीला तालमीत सोडायला यायच्या. मुलीनं महिन्याभरात सोडलं, आईनं धरलं. त्यांचा पट्टा असा फिरायचा की मला माइक शोधावासा वाटायचा.

रांग माझ्याकडं बघत होती. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर गर्दी असून मला शब्द सुचला नाही.

"सावधान म्हन," खुर्चीतून आवाज आला.

"सावधान," मी म्हटलं.

पहिले दोन महिने बरे गेले. चुका दाखवायला मला जमायचं. डोळा तरबेज, हातच तेवढे सुमार. पण श्रावण सरता सरता वस्तादांनी विषय काढला. "दसऱ्याला शिलाईवाल्या बाईचं लिंबू धरायचं. हात तुझा."

आमच्या तालमीचा रिवाज असा. पट्टा शिकणारा तयार झाला, की दसऱ्याला सकाळी त्याचं पहिलं लिंबू होतं. लिंबू ठेवायचं ते लाकडावर नाही, केळीच्या खुंटावर नाही, शिकवणाऱ्याच्या उघड्या डाव्या तळहातावर. शिकणाऱ्यानं ते पट्ट्यानं कापायचं. वस्तादांनी तीसेक वर्षांत अशी पंधरा-सोळा लिंबं तळहातावर घेतली होती. दरवेळी घडायचं तेच. पातं खाली यायचं, क्षणात उठायचं, वस्तादांची मूठ खटकन मिटायची. मुठीतून रस गळायचा. वस्ताद "शाबास!" म्हणायचे, मूठ तशीच मिटलेली घेऊन शेडच्या मागं हात धुवायला जायचे आणि परत यायचे ते हाताला हळदीची पट्टी बांधून. दरवेळी पट्टी, कापलं असो नसो. त्यामुळं कुणाच्या पट्ट्यानं रक्त काढलं आणि कुणाच्या नाही, हे कधी कुणाला कळलं नाही. हलगी वाजायची, पोरगा पाया पडायचा, संपलं.

आता तो तळहात माझा असणार होता. मी घरी जाऊन तो नीट बघितला. एवढ्या आवडीनं मी तो कधी बघितला नव्हता.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. "तळहात म्हंजे पोळपाट हाय व्हय?" एवढंच म्हणाली.

मला भीती वाटत होती हे लपवण्यात अर्थ नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी मला कुरतडत होतं. पातं येत असताना वस्तादांच्या मनात काय चालायचं? हात हलायचा कसा नाही? आणि त्यांच्या डाव्या तळहातावर एक पांढरी रेघ होती, तर्जनीच्या बुडापासून मनगटापर्यंत तिरकी गेलेली. दुकानात डोळा झाकून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर उताणा ठेवला होता, तेव्हा ती मला पुन्हा दिसली होती. ती कुणाची? पंधरा-सोळा जणांत एकाचा पट्टा लागला होता हे नक्की. तो एक कसा चुकला हे कळलं, तर माझा हात वाचेल, असा माझा हिशोब.

वस्तादांना सरळच विचारलं. "वस्ताद, ही रेघ कुणाची?"

"कुनाची म्हंजे? माझ्या हातावर हाय तर माझीच की."

म्हणून मी गुरुबंधूंकडं निघालो. पहिला गाठला तो कुंडलचा. उसाचा बागायतदार, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी; त्याचा पट्टा फिरला की समोरची माणसं आपोआप मागं सरकायची. उसाच्या कडेला बाजल्यावर बसून त्यानं आधी माझी यथेच्छ टिंगल केली.

"तू वस्ताद? आरं, तुझ्या हातात पट्टा बघून आमी देवाला नवस बोलायचो, लांब ऱ्हाऊ दे म्हनून!"

"बोल बोल. पर एक सांग. वस्तादांच्या हातावरची रेघ कुणाच्या बारीला पडली?"

त्याचं हसू थांबलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. ऊस सोडून तिथं कुणी नव्हतं. "तुला कुनी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मग आपल्या दोघांत ऱ्हाऊ दे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ती माझी हाय. माझं पातं जरा जास्त खाली गेलं, मला हाताला कळलं. म्हातारा हूं की चूं बोलला न्हाई. पंधरा दिसांनी त्यांच्या हातावर रेघ बघितली नि माझं पानी पानी झालं. तवापास्नं दर वर्षी गुऱ्हाळाची पयली ढेप वस्तादांच्या घरी जाती. बायकोला बी ठावं न्हाई का ते."

मी खूश होऊन निघालो. रेघ सापडली होती. पण त्याच आठवड्यात शिराळ्याला एका लग्नाला गेलो, तर तिथं दुसरे गुरुबंधू भेटले, निवृत्त हेडमास्तर. जेवणाच्या पंगतीत मी सहज म्हटलं, "सर, आपल्या कुंडलवाल्या गड्यानं वस्तादांच्या हाताला केवढी जखम केली होती, तुम्हाला माहीत होतं का?"

हेडमास्तरांचा घास हातातच राहिला. "कुंडलवाल्यानं? छे छे. ती माझी आहे."

"तुमची?"

"हळू बोला. शाळेतली माणसं आहेत पलीकडं." त्यांनी भात नुसता चिवडला. "माझ्या लिंबाच्या वेळी पातं अडकल्यासारखं झालं. मी इतकी वर्षं दर संक्रांतीला जाऊन वस्तादांच्या पायांना तेल लावतो, ते उगाच का? लोक म्हणतात, हेडमास्तर किती गुरुभक्त. म्हणू देत."

एका हाताला एक रेघ आणि तिचे मालक दोन. आता मला गप्प बसवेना. आणखी दोघांना फोन केला. दोघांनीही आधी "काय की बाबा" केलं आणि शेवटी कबूल झाले: रेघ त्यांचीच. एकानं तर फोनवर हुंदका दिला.

आता माझंही सांगतो, कारण इथवर आल्यावर लपवणं बरं नाही. माझीही समजूत तीच होती. अठ्ठावीस वर्षं. माझ्या लिंबानंतर कधीतरी मी वस्तादांचा हात बघितला आणि ती रेघ माझ्या नावावर लिहून घेतली. आता विचारत फिरलो, ते कुणीतरी 'ती माझी' म्हणून मला सोडवील या आशेनं. दुकान टाकल्यावर त्यांच्या घरातल्या सगळ्यांचे चष्मे माझ्याकडून फुकट गेले, सुनेच्या माहेरचेसुद्धा. माइक धरायला मी कधी नाही म्हटलं नाही, ते त्यासाठीच. म्हणजे पट्टा शिकलेला जो तो छातीत तीच एक रेघ घेऊन फिरत होता, आणि म्हातारा गूळ खात होता, तेल लावून घेत होता, नवा चष्मा घालून बसत होता!

दुसऱ्या दिवशी तालीम सुटल्यावर मी वस्तादांसमोर जाऊन बसलो आणि सगळं ओकलो. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"चार जन?"

"पाच. मला धरून."

"आरं बाबाबाबा!" त्यांनी डोळे पुसले. "ती रेघ तेलाच्या डब्याची हाय रं. फौजेत नवा हुतो, लंगरमधी, सैपाकाला, पत्र्याचा डबा उघडताना लागलं. तवा तुमच्यातला एक बी जन्माला आला नव्हता."

"पण आम्हाला ती नंतर दिसली!"

"दिसंल कशी आदी? वस्तादाच्या हाताकडं कोन बघतंय? समदी पातं बघत्यात. लिंबू झाल्यावर भीतीनं हात बघायला लागत्यात." मग त्यांनी तळहात उताणा करून माझ्यापुढं धरला. "पट्ट्याला धार असती. त्याची जखम सरळ येती, आठ दिसांत मिळून जाती. रेघ ऱ्हाती ती बोथट पत्र्याची."

"म्हणजे पट्टा लागलाच नाही कधी?"

"लागला की. तिघांचा लागला. कुनाचा ते सांगनार न्हाई."

गप्प बसणं मला झेपत नाही. "एवढं तरी सांगा. माझा लागला का?"

"तुझा?" वस्तादांनी मान तिरकी केली, त्यांना कडेनंच दिसायचं, त्यामुळं नीट बघायचं झालं की ते पक्ष्यासारखे तिरके व्हायचे. "तुझा लिंबाला बी लागला न्हाई."

"काय?"

"तू डोळं मिटलंस. पातं लिंबाच्या वरनं गेलं, वारा लागला निसता. म्यां मूठ मिटली नि लिंबू चिरडलं. रस गळला. शाबास म्हनलो. काय करनार? तुझी आई हुबी होती बघायला."

अंगणात कुणीतरी लाठ्या गोळा करून कोपऱ्यात टेकवत होतं, त्याचा खडखड आवाज तेवढा येत होता. अठ्ठावीस वर्षांची माझी अपराधी भावना त्या आवाजात पार घरंगळून गेली, आणि तिच्यामागोमाग माझी पदवीही गेली. वस्तादांचा हात मी कापलाच नव्हता. लिंबूही कापलं नव्हतं. आणि हा असला मी आता तालमीचा वस्ताद!

"मग मला कशाला नेमलं तुम्ही?"

"तुझं दुकान जवळ हाय," वस्ताद म्हणाले. "तालमीला येळंवर येतोस."

मी हसलो. मला खरंच हसू आलं. पण हसून झाल्यावर दसरा होता तिथंच उभा होता.

त्या दिवसापासून वस्तादांनी मला हात धरायला शिकवलं. तीन दशकं मी समजत होतो, की सगळी करामत पट्टा मारणाऱ्याची. तसं नव्हतं. लिंबू तळहाताच्या खळग्यात ठेवायचं. बोटं मागं ताणायची, धनुष्यासारखी. "मारनारा शिकलेला असला तर पातं लिंबाच्या बुडाशी थांबतंय," वस्ताद म्हणाले. "हात कापतोय तो धरनारा. भ्यालेल्याची बोटं आपसूक मिटत्यात. पातं यायच्या आदी मिटली, की बोटं पात्याच्या वाटंत. मूठ मिटायची ती पातं उठल्यावर. आदी न्हाई."

ऐकायला सोपं. घरी गेलो, ओट्यापाशी उभा राहून तळहात पुढं केला, त्यावर लिंबू ठेवलं, आणि बायकोला वर्तमानपत्राची गुंडाळी करून जोरात मारायला सांगितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं माझं सांगणं इतक्या तत्परतेनं कधीच ऐकलं नव्हतं. पहिल्या फटक्याला माझी बोटं मिटली. दुसऱ्याला मिटली. विसाव्याला मिटली.

"बोटं गेली," ती दरवेळी म्हणायची. "ही बी गेली. आवं, जेवनार कशानं?"

नवरात्र बसलं. रोज रात्रीच्या जेवणाआधी वर्तमानपत्र. सहाव्या माळेला दहांतल्या पाच वेळा बोटं उघडी राहिली. आठव्या माळेला दहांतल्या आठ. दोन वेळा मिटलीच. ती दोन वेळा कुठली असणार, हे आधी सांगता येत नाही, हीच तर खोड.

खंडेनवमीला तालमीत हत्यारांची पूजा झाली. शिलाईवाल्या ताई दुकानातल्या मशिनीची आणि कात्रीची पूजा आटोपून आल्या, केसांत झेंडूची पाकळी अडकलेली. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, रिवाज जुना झाला. मी काय म्हणतो, उद्या आपण केळीचा खुंट ठेवू. लिंबू त्यावर. कुणी नावं ठेवणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाईक मापात खोटं बोललं, की त्या अशाच बघत असणार. "मला चालंल. खुंटावर मी महिनाभर कापतीय. शंभरेक झाली असतील. पर तुमाला कुनी सांगितलं, का तुमीच भ्यालाय?"

"मीच भ्यालोय."

"कशाला भ्याला?"

"माझी बोटं मिटतात. दहांत दोनदा."

त्यांनी केसांतली पाकळी काढली. "म्हंजे मी बराबर मारलं नि तुमी मिटलं, तर लागनार तुमाला. पर आयुष्यभर बोच लागनार मला. मला वाटनार, माझ्यानंच झालं."

एवढं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. कुंडलचा गूळ, शिराळ्याचं तेल, फोनवरचा तो हुंदका, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. वस्तादांची ती मिटलेली मूठ मला तोवर थोर वाटत होती. तिनं कुणाला लाज आणली नाही, हे खरंच होतं. पण तिनं कुणाला काही कळूही दिलं नव्हतं.

"ताई, एक शब्द देतो. काय झालं ते तिथल्या तिथं तुम्हाला दिसेल. लपवणार नाही."

"मग धरा हात," त्या म्हणाल्या. "दहांतल्या त्या दोनदाचं काय ते बगू."

दसऱ्याला सकाळी अंगणात शेपन्नास माणसं होती. पोरांचे आईबाप, गल्लीतली मंडळी, माझी बायको पहिल्या रांगेत. माइक एका पोराकडं होता आणि तो "आता मंडळी" म्हणताना चक्क अडखळला. इतकं वाईट सूत्रसंचालन मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं आणि मला काहीही करता येत नव्हतं. वस्ताद हलगीवाल्याशेजारी खुर्चीत बसले होते. समोर त्यांना काही दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्चीच तिरकी करून घेतली होती.

मी एक गुडघा टेकून बसलो आणि डावा हात पुढं केला. लिंबू ठेवलं. गार होतं. बोटं मागं ताणली. ताई चार पावलांवर उभ्या, साडीचा काष्टा घट्ट, उजव्या हातात पट्टा. त्यांनी दोन फिरक्या घेतल्या आणि पातं गाऊ लागलं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, श्वास रोखा. तो कसा रोखायचा असतो हे त्या दिवशी कळलं. मी पात्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, ताईंच्या डोळ्यांकडं बघायचं. त्यांचे डोळे लिंबावर होते, सुईच्या नाकातून दोरा ओवताना असतात तसे. पातं वर गेलं. मी डोळे उघडे ठेवले, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो.

मग एक थंड वारा हाताला लागला, आणि माझी मूठ मिटलेली होती.

रस गळायला लागला. हलगी कडाडली. "पानी सुटलं का?" वस्तादांनी ओरडून विचारलं. "सुटलं!" लोक ओरडले. मधल्या बोटाच्या टोकाला असं काही झोंबलं की माझ्या कानशिलापर्यंत मुंग्या गेल्या. रिवाजाप्रमाणं आता शाबास म्हणायचं आणि शेडमागं जायचं. हळदीची पट्टी तयार होती. मी उठलोसुद्धा.

ताई जागच्या हलल्या नव्हत्या. पातं खाली धरून माझ्या मुठीकडं बघत होत्या.

मी त्यांच्यापुढं गेलो आणि मूठ उघडली.

हलगीवाल्याचा हात थांबला. तळहातावर लिंबाच्या दोन फोडी होत्या. तळहाताला काहीही झालं नव्हतं. मधल्या बोटाच्या टोकावर मात्र तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि तिच्यातून रक्ताचा एक थेंब, मग दुसरा.

"मी मिटली," मी म्हटलं. "केसभर आधी मिटली. तुमचं बरोबर होतं."

ताईंनी माझं बोट धरून जवळ घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "व्हय. तुमीच हलला. मला दिसलं, बोट मधी आलं ते." आणि त्यांनी हातातला पट्टा उतरवून मुरमावर ठेवला. "टाका न्हाई लागनार."

"काय झालं रं?" वस्ताद खुर्चीतून ओरडले. "हलगी का थांबली? मूठ मिटली न्हवं?"

पहिल्या रांगेतून माझ्या बायकोनं सांगितलं, "मिटली हुती वस्ताद. आता उगाडलीया. बोट कापलंय जरासं. ह्यांचीच चूक हाय."

वस्तादांनी मान तिरकी करून, कडेच्या डोळ्यानं, माझ्या दिशेला बघितलं. रागावले की काय, मला कळेना. "उगाडली व्हय," ते पुटपुटले. "आमाला न्हाई बा सुचलं कवा." आणि हलगीवाल्याच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाले, "तू का थांबलास? वाजीव."

ताई मात्र अजून माझ्या तळहाताशीच होत्या. त्यांनी दोन्ही फोडी उचलल्या, एकमेकींना लावून बघितल्या, उजेडात धरल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?"

"सारख्या न्हाईत. ही जाड आलीया, ही बारीक. कापड आसं कापलं आसतं तर गिऱ्हाईक दारात आलं नसतं." त्यांनी पट्टा उचलून मूठ पुन्हा कोपरापर्यंत चढवली. "परत मारू का?"

ताटात अजून चार लिंबं होती. मी बोटाला तोंड लावून रक्त चोखलं, गुडघा टेकला, आणि हात पुढं केला.